अवजड मालमोटार व ट्रेलर चालविण्याचा परवाना
पनवेल भागातील शेतकरी कुटुंबांसाठी माहिती

पनवेल गाव एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होते. येथील सुतारांनी केलेली चाके दूरदूरच्या गावी जात. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि देशावरचा माल पनवेलच्या बंदरावर उतरू लागला, तेव्हापासून गाडी आणि गाडीवान यांचा या गावाशी संबंध आहे. गाडी बदलली, संबंध मात्र तुटला नाही. १९८९ साली उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले. कळंबोलीस लोखंड-पोलादाचा बाजार आला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण होऊन त्याचे एक टोक कळंबोलीस लागले. गोव्याकडे जाणारा महामार्ग पळस्प्यापासून फुटतो. परिणामी मोठ्या मालमोटारी आणि कंटेनर वाहून नेणारे ट्रेलर यांची अहोरात्र वर्दळ ज्या तालुक्यात आहे अशा थोड्या तालुक्यांत पनवेलची गणना होते.

याच काळात येथील शेती आक्रसत गेली. नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादन करण्यात आल्या. ज्यांच्याकडे भातखाचरे उरली त्यांच्या घरातीलही एखादा मुलगा आज चालक म्हणून कामास जातो. कित्येक कुटुंबांनी मोबदल्याच्या पैशातून किंवा कर्ज काढून डंपर अथवा ट्रेलर घेतलेला असतो. बियाणे, खत आणि पाणी यांची माहिती जशी शेतकऱ्यास हवी, तशीच या नव्या जोडधंद्याचीही हवी. बियाण्याच्या चुकीने एक हंगाम जातो; परवान्याच्या चुकीने कधी कधी जमीन जाते. ती कशी, हे पुढे सांगितले आहे.

वाहनांचे वर्ग

परवान्याचा विचार करताना पहिला प्रश्न वाहनाच्या वजनाचा असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. त्यात मालवाहू वाहनांचे तीन भाग केलेले आहेत. ज्याचे भरलेल्या मालासह एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा अधिक होत नाही ते हलके वाहन. ज्याचे वजन १२,००० किलोपेक्षा अधिक होते ते अवजड मालवाहू वाहन. या दोहोंच्या मधले ते मध्यम मालवाहू वाहन. येथे वजन म्हणजे त्या दिवशी गाडीत प्रत्यक्ष किती माल आहे ते नव्हे. नोंदणी पुस्तकात जे कमाल एकूण वजन लिहिलेले असते ते धरावयाचे. रिकामी दहाचाकी गाडी ही रिकामी असली तरी अवजडच असते.

पूर्वी मध्यम व अवजड वाहनांसाठी परवान्याचे निरनिराळे वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते काढून त्यांच्या जागी ‘परिवहन वाहन’ असा एकच वर्ग करण्यात आला. यामुळे पुष्कळ वर्षे असा वाद चालला की, हलक्या मोटारीचा परवाना असलेल्या माणसाने भाजीपाल्याचा छोटा टेम्पो चालविला तर तो परवाना चालतो की नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली आणि पुन्हा ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडून असा निर्णय दिला की, ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते. दूध, भाजी, मासळी यांची ने-आण छोट्या गाडीतून करणाऱ्या शेतकऱ्यास या निर्णयाने मोठा दिलासा मिळाला आहे.

परंतु या निर्णयाचा अर्थ ताणू नये. ७,५०० किलोची रेघ ओलांडली की हलक्या वाहनाचा परवाना निरुपयोगी ठरतो. “मुलगा दहा वर्षे टेम्पो चालवितो, हात साफ आहे, एक फेरी डंपरची मारील,” असे पुष्कळ घरी म्हटले जाते. हात साफ असणे ही एक गोष्ट व परवाना असणे ही दुसरी. कायद्यास दोन्ही हवी असतात.

परवाना मिळविण्याच्या पायऱ्या

अवजड वाहनाचा परवाना एकदम मिळत नाही. भाताची रोपे जशी वाफ्यात वाढवून मग खाचरात लावतात, तसे येथेही क्रमाने जावे लागते.

पहिली पायरी हलक्या वाहनाची आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर हलक्या मोटारीचा शिकाऊ परवाना मिळतो. त्यासाठी वाहतुकीची चिन्हे, नियम, अपघातप्रसंगी चालकाची कर्तव्ये, फाटक नसलेल्या रेल्वेरुळावर घ्यावयाची खबरदारी इत्यादींवर प्रश्न विचारतात आणि निदान साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यापासून ३० दिवस होईपर्यंत पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही.

दुसरी पायरी अनुभवाची. हलक्या वाहनाचा पक्का परवाना हाती येऊन निदान एक वर्ष झाल्याखेरीज परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना देता येत नाही, असे कायद्याच्या सातव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. त्याशिवाय वयाचीही अट आहे. २० वर्षे पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी परिवहन वाहन चालविता येत नाही. म्हणजे अठराव्या वर्षी परवाना घेतलेल्या तरुणाजवळ अवजड गाडीकडे वळण्यापूर्वी दोन वर्षांचा अवधी असतो. हा काळ वाया गेला असे समजू नये. याच काळात रस्त्याची नजर तयार होते.

तिसरी पायरी प्रकृतीची. परिवहन वाहनाच्या अर्जासोबत नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला ‘नमुना १-अ’ मध्ये जोडावा लागतो. दृष्टी, श्रवणशक्ती, तांबडा व हिरवा रंग ओळखण्याची क्षमता, हातापायांची स्थिती या गोष्टी त्यात पाहिल्या जातात. उजेडात २५ मीटरवरून मोटारीच्या पाटीवरील अंक वाचता आले पाहिजेत. हा दाखला न तपासताच सही घेऊन आणण्याची वहिवाट अनेक ठिकाणी दिसते. ती घातक आहे. ज्याला सांजेच्या वेळी समोरचा सायकलस्वार दिसत नाही त्याला दाखला दृष्टी देत नाही.

चौथी पायरी शिक्षणाची. परिवहन वाहनासाठी शासनमान्य मोटार प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ५’, आवश्यक आहे. नियमाप्रमाणे अशा वाहनाचे शिक्षण निदान ३० दिवसांचे असावे व त्यात निदान १५ तास प्रत्यक्ष गाडी चालविण्याचे असावेत. शिकत असताना गाडीस पुढे व मागे ‘एल’ अक्षराची पाटी लावावी लागते आणि गाडी तत्काळ थांबविता येईल अशा जागी परवानाधारक शिक्षक शेजारी बसलेला असावा लागतो. माल भरून, एकट्याने, रात्रीच्या वेळी शिकण्यास निघणे हा गुन्हा आहे.

पाचवी पायरी परीक्षेची. परीक्षा ज्या प्रकारच्या वाहनासाठी अर्ज असेल त्याच प्रकारच्या वाहनावर द्यावी लागते. पनवेल तालुक्यातील उमेदवारांस यासाठी पनवेलच्या परिवहन कार्यालयाकडे जावयाचे असते. या कार्यालयाकडील वाहनांची पाटी ‘एमएच ४६’ ने सुरू होते. अर्ज आणि शुल्क आता ‘सारथी’ या शासकीय संगणक प्रणालीवर भरता येते. शुल्काची पावती तेथेच मिळते. म्हणून पावतीशिवाय कोणासही पैसे देण्याचे कारण उरत नाही.

पूर्वी या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ही अट २०१९ साली रद्द झाली. शाळा लवकर सुटलेल्या परंतु काम जाणणाऱ्या ग्रामीण तरुणांस त्यामुळे वाट मोकळी झाली आहे. मात्र पेट्रोल, अॅसिड, वायू असा धोकादायक माल नेण्यासाठी नियम अधिक कडक आहेत. त्यास तीन दिवसांचे खास प्रशिक्षण व परवान्यावर तशी नोंद लागते, आणि एखादी भारतीय भाषा व इंग्रजी वाचता-लिहिता यावी लागते. कारण टाकीवरील सूचना वाचल्याशिवाय गळती झाल्यावर काय करावे हे कळत नाही.

ट्रेलरचे वेगळेपण

बंदराकडे जाणारी लांब गाडी ही वस्तुतः दोन वाहनांची मिळून झालेली असते. पुढील भागास चालक ‘घोडा’ म्हणतात. त्यात यंत्र असते, पण माल ठेवण्यास जागा नसते. मागील भागास कायदा सेमी-ट्रेलर म्हणतो. त्याला स्वतःचे यंत्र नसते. त्याचा पुढचा भाग घोड्याच्या पाठीवर टेकलेला असतो आणि त्याच्या वजनाचा काही हिस्सा घोडा वाहतो. दोहोंस जोडणारा सांधा फिरता असतो. या फिरत्या सांध्यामुळेच गाडी वळते, आणि त्यामुळेच ती चालविण्याचे कसब साध्या मालमोटारीहून निराळे ठरते.

पहिला फरक वळणावर दिसतो. ट्रेलरची मागची चाके घोड्याच्या मागोमाग जात नाहीत. ती वळणाच्या आतील बाजूस सरकतात. गावाच्या नाक्यावर गाडीच्या आतल्या अंगाने पुढे जाऊ पाहणारा दुचाकीस्वार याच कारणाने चाकाखाली सापडतो. दुसरा फरक मागे घेताना कळतो; सुकाणू एका बाजूस फिरविले की ट्रेलरचे शेपूट दुसऱ्या बाजूस जाते. तिसरा व सर्वांत धोक्याचा फरक ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबल्यास प्रत्ययास येतो. घोडा थांबू पाहतो, मागचे ओझे पुढे रेटत राहते आणि गाडी सांध्यातून चाकूसारखी मिटते.

आपल्या कायद्यातील परवान्याच्या वर्गांत सेमी-ट्रेलरसाठी स्वतंत्र नावाचा वर्ग नाही. तो परिवहन वाहन या व्यापक वर्गात येतो. तथापि ‘विशिष्ट वर्णनाचे वाहन’ अशी नोंद करण्याची सोयही कायद्यात आहे. म्हणून ट्रेलर चालवू इच्छिणाऱ्याने आपल्या परवान्यावर नेमकी कोणती नोंद हवी ते परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे. युरोपात एकसंध मालमोटारीस ‘सी’ व ट्रेलर जोडलेल्या मालमोटारीस ‘सीई’ असे निराळे परवाने असून धंदेवाईक चालकास दर पाच वर्षांनी ३५ तासांचे उजळणी शिक्षण घ्यावे लागते. अमेरिकेत जोडवाहनास ‘अ’ वर्गाचा परवाना लागतो आणि हवेच्या ब्रेकची परीक्षा वेगळी घेतात. त्या देशांत जे काम परवाना करतो, ते आपल्याकडे पुष्कळ अंशी मालकाच्या विवेकावर सोपविलेले आहे. साध्या मालमोटारीवर तयार झालेल्या चालकास ट्रेलरवर बसविण्यापूर्वी जाणत्या चालकाच्या हाताखाली काही दिवस काम द्यावे व मोकळ्या मैदानात गाडी मागे घेण्याचा सराव करवून घ्यावा, हे उत्तम.

घाटातील उतार हीच खरी परीक्षा

पनवेलचा चालक पुण्याहून परतताना बोरघाट उतरतो. धावत्या गाडीतील जोर वेग दुप्पट झाला की दुप्पट न होता चौपट होतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने उतरणारी गाडी थांबविण्यास जितका जोर ब्रेकला लावावा लागतो, त्याच्या चौपट जोर ताशी ६० किलोमीटरला लागतो. हा सारा जोर ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जिरतो. उतार लांब असला व पाय सतत ब्रेकवर राहिला की ब्रेक तापतात, त्यांची पकड सुटते, आणि मग पायाखाली ब्रेक असूनही नसल्यासारखा होतो.

यावर उपाय जुना व सोपा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, म्हणजे यंत्रच गाडीस आवरून धरते. डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी मोकळी सोडणे किंवा यंत्र बंद करणे ही आत्मघातकी सवय आहे. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. यंत्र बंद पडले की हवा भरणारा पंप थांबतो व दर वेळी ब्रेक दाबताना साठलेली हवा कमी होत जाते. वाचलेल्या दोन लिटर डिझेलची किंमत माणसाच्या जिवाशी तोलू नये.

शेतीचा ट्रॅक्टर

शेतीचा ट्रॅक्टर परिवहन वाहनांत मोडत नाही. त्याचे रिकामे वजन ७,५०० किलोच्या आत असल्याने तो हलक्या वाहनाच्या परवान्यात येतो. ट्रॅक्टर चालविण्याचा परवाना असलेल्याने त्यास ट्रॉली जोडली एवढ्याने परवाना बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली म्हटले आहे. तथापि शेतीच्या कामासाठी उतरविलेल्या विम्यावर ट्रॅक्टर भाड्याने विटा किंवा माती वाहण्यास लावणे, अथवा ट्रॉलीत लग्नाची किंवा जत्रेची माणसे बसविणे, ही विम्याच्या अटींचा भंग करणारी कामे आहेत. अपघात झाल्यास अशा वेळी भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो.

अल्पवयीन मुलाच्या हाती ट्रॅक्टर देण्याची चाल तर ताबडतोब मोडली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गुन्ह्यात पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाची २५ वर्षे होईपर्यंत परवाना मिळत नाही. ज्या मुलाने पुढे चालक होऊन घर सावरावयाचे, त्याचा मार्ग बापाच्या कौतुकापायी बंद होतो.

परवान्याची मुदत

परिवहन वाहनाच्या परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षे होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती पाच वर्षे झाली आहे. धोकादायक मालाच्या नोंदीची मुदत तीन वर्षे आहे. नूतनीकरणासाठी मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. मुदत उलटल्यानंतर पूर्वी जी तीस दिवसांची सवलत होती ती आता राहिलेली नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी चालविणारा हा बिनपरवाना चालक होय. एक वर्षाहून अधिक काळ उलटल्यास चालकास पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

यासाठी दसऱ्यास जशी हत्यारे-अवजारे साफ करून ठेवतात, तशी घरातील सर्व परवाने व विमापत्रे यांच्या तारखा वर्षातून एकदा पाहण्याची रीत ठेवावी.

जमिनीवर येणारी जोखीम

बिनपरवाना वाहन चालविणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा कायद्यात आहे. आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकासही तितकीच शिक्षा आहे. परंतु खरी हानी या दंडाने होत नाही.

एक उदाहरण घ्यावे. एका शेतकऱ्याने संपादनाच्या मोबदल्यातून डंपर घेतला. नेहमीचा चालक गावी गेला म्हणून त्याने पुतण्यास गाडीवर बसविले. पुतण्याजवळ हलक्या वाहनाचाच परवाना होता, हे चुलत्यास ठाऊक होते. वाटेत एक पादचारी दगावला. मृताच्या कुटुंबाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज केला व भरपाईचा निवाडा झाला. गाडीचा विमा होता, म्हणून शेतकरी निश्चिंत राहिला. परंतु विमा उतरवितानाची मुख्य अट ही असते की गाडी योग्य परवाना असलेल्या माणसानेच चालवावी. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली घालून दिलेल्या तत्त्वानुसार अशा प्रसंगी विमा कंपनीस मृताच्या कुटुंबास रक्कम द्यावयास सांगितले जाते, म्हणजे ते कुटुंब उघडे पडत नाही. परंतु मालकाने जाणूनबुजून अट मोडली असे सिद्ध झाल्यास कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करून घेते.

ही वसुली कशी होते हे प्रत्येक खातेदाराने लक्षात ठेवावे. कायद्याच्या १७४ व्या कलमाप्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठवू शकते, व जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी असल्याप्रमाणे वसूल करतो. शेतसाऱ्याची थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. मिळविणारा माणूस गेल्यावर त्याच्या वयाचा व मिळकतीचा विचार करून भरपाई ठरते. ती रक्कम पुष्कळदा मालकाच्या साऱ्या बचतीहून मोठी असते. संपादनातून वाचलेले शेवटचे खाचर अशा एका फेरीपायी जाऊ शकते. दुसऱ्या घरचा कर्ता माणूस गेला तो तर परत येतच नाही.

याच निर्णयांनी काळजी घेणाऱ्या मालकास संरक्षणही दिले आहे. चालक ठेवताना मालकाने त्याचा परवाना पाहिला, तो योग्य दिसला, आणि चालकास गाडी चालविता येते याची खातरी करून घेतली, तर पुढे परवान्यात काही खोट निघाली तरी केवळ तेवढ्यावरून मालकास दोषी धरता येत नाही. सबब पुढील गोष्टी अगत्याने कराव्या :

१) चालकाचा मूळ परवाना स्वतः पाहावा; वाहनाचा वर्ग व परिवहन वाहनाची मुदत या दोन्ही नोंदी वाचाव्या. एकाच परवान्यावर हलक्या वाहनाची मुदत चालू व परिवहन वाहनाची संपलेली असू शकते.

२) परवान्याची खरी-खोटी नोंद शासकीय संगणक प्रणालीवर पडताळून तिची प्रत तारीख घालून जवळ ठेवावी.

३) गाडी हाती देण्यापूर्वी शेजारी बसून चालकास चालवावयास लावावे.

४) विमा, योग्यता प्रमाणपत्र व मालवाहतुकीचा परवाना यांच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्या.

५) चालक बदलला तर ही सर्व तपासणी पुन्हा करावी, मग तो घरचा असला तरीही. किंबहुना घरच्या माणसाविषयीच ती अधिक राहून जाते.

माल आणि विश्रांती

परवाना खरा असला तरी गाडीत तिच्या नोंदीहून अधिक माल भरल्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा दंड कायद्यात आहे. शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च द्यावा लागतो. माल गाडीच्या बाजूंबाहेर किंवा ठरावीक उंचीबाहेर गेला तरीही २०,००० रुपये दंड आहे. भाताचा पेंढा वजनाने हलका असतो पण फुगून बाहेर येतो. म्हणून पेंढ्याची गाडी भरताना वजनाइतकेच रुंदीकडे व उंचीकडे लक्ष द्यावे.

चालकास विश्रांती हवी. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसास आठ तास काम व सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा असे माप ठरविले होते. त्या कायद्याची जागा आता नव्या श्रमसंहितेने घेतली असली तरी माणसाच्या देहाचे माप बदललेले नाही. दिवसा नांगरणी करून रात्री गाडीवर जाणाऱ्या तरुणाने हे विशेष ध्यानी घ्यावे. बैल थकला तर तो चालावयाचा थांबतो. मालमोटार चालक झोपला तरी चालतच राहते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

खरीप हंगामापूर्वी गावोगाव सभा होतात. त्या सभांत बियाणे व खतांच्या माहितीबरोबर अर्धा तास या विषयास द्यावा. गावात मालमोटार, डंपर, ट्रेलर व ट्रॅक्टर किती आहेत, ते कोण चालवितो व त्यांच्या परवान्याची मुदत कधी संपते, याची यादी मालकांच्या संमतीने करावी. मुदत संपण्यास सहा महिने उरले की आठवण द्यावी. चालक होऊ इच्छिणाऱ्या १८ ते २० वर्षांच्या मुलांस दोन वर्षांचा क्रम समजावून सांगावा, म्हणजे ते खोट्या कागदांच्या वाटेस जाणार नाहीत. चाळिशी उलटलेल्या चालकांची दृष्टी तपासण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून वर्षातून एक दिवस मागून घ्यावा. अपघात झाल्यास जखमीस दवाखान्यात पोचविणे व पोलिसांस खबर देणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, हेही सभेत सांगावे.

पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने खाऱ्या मातीत टिकणाऱ्या भाताच्या ‘पनवेल’ जाती काढल्या. ज्या मातीत दुसरे भात जळून जाते तेथे त्या उभ्या राहतात. परंतु त्यांनाही रोप नीट वाढल्यावाचून खाचरात लावून चालत नाही. बदललेल्या परिस्थितीत तग धरू पाहणाऱ्या येथील तरुणांचेही तसेच आहे. ज्या घरी मालमोटार आहे किंवा येणार आहे, त्या घरातील कर्त्या माणसाने आज संध्याकाळीच चालकाचा परवाना मागून घ्यावा आणि त्यावरील वर्ग व तारीख स्वतः वाचावी.